चार पाऊणे तीन

दंतवैद्य म्हणाला, झोपेत दात खाता तुम्ही.
दाढा झिजल्यात पार.
आणि प्लास्टिकचा एक साचा दिला
रात्री तोंडात घालून निजायला.

मार्चअखेर होती. लेखापरीक्षणाच्या वह्या घेऊन
मी तोंडवळीत उतरलो होतो,
आणि तिथल्या पतसंस्थेत एकशे त्रेपन्न रुपयांचा फरक
कुठे म्हणून सापडेना.
तीन दिवस मी त्या फरकाशेजारी जेवलो,
रात्री तो माझ्या उशीवर डोकं ठेवून निजला.

चौथ्या सकाळी द्वारका मालंडकर,
जिच्या पडवीत माझी खाट होती,
चहा ठेवता ठेवता म्हणाली,
"आज चवथ. चार पाऊणे तीन.
तीनाक भरती, नवाक सुकती.
येतस तर ये, टोपली धरूक कोण नाय."

पाऊणकी मी शाळेत घोकली होती,
पुढे ती व्याजाखेरीज कशाला लावली नव्हती.
ही बाई ती चंद्राला लावून
घरातून निघत होती.

एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला खाडी,
मध्ये माडांची बोटभर पट्टी.
खाडीच्या अंगाला पाणी खरंच उतरलेलं,
घड्याळात नऊला पाच कमी.

पॅन्ट दुमडली, चपला चिपीच्या मुळाशी ठेवल्या.
चिखल वरून कोमट, आत गार,
आणखी आत
कुणाच्याच मालकीचा नसल्यासारखा.
चार पावलांत गुडघ्यापर्यंत गेलो.
पाय ओढला, तर दुसरा रुतला.
"ओढू नको रे. तू ओढलंस काय तो पण ओढता.
टाच ढिली सोड. वाईच डुल.
आपणहून सोडतलो."

टाच ढिली सोडायची म्हणजे काय करायचं
हे मला कुणी कधी शिकवलं नव्हतं.
उभा राहिलो. डुललो, लाजत लाजत.
एक निवटी माझ्याकडे बघून
पाण्याच्या डबक्यात सरकली.
मग पायाखालून कुणीतरी
उसासा टाकावा तसा आवाज आला
आणि पाय मोकळा.

तिसऱ्या बोटांना आधी कळतात, डोळ्यांना मागाहून.
पण चिखलाने भरलेली मेलेली शिंपलीही
तशीच मिटलेली, तेवढ्याच वजनाची असते.
एक जरी टोपलीत गेली, सगळं कालवण कचकचणार.
द्वारका दोन शिंपल्या एकमेकींवर वाजवून
कानाशी धरायची.
"आयकलंस? ही बद्द. टाक."
खोटी नोंद ओळखण्यात वीस वर्षं गेली माझी,
आवाजाने ओळखता येते हे ठाऊक नव्हतं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक.
कुर्ले आपला एकच मोठा नांगा हलवत होते,
पाठीवर ऊन, नखांत खाडी,
आणि द्वारका हसत होती:
"तोंड मिट रे, माशी जायत."

तोंड उघडं होतं माझं.
जबडा सैल, जीभ खाली पडलेली,
ओठांवर मीठ.
वाटलं, हे असंच राहू द्यावं थोडं.
माशी गेली तर गेली.

पाणी कधी घोट्याला आलं कळलं नाही.
बारक्या तिसऱ्या तिने परत पेरल्या,
कंबर सरळ केली, आणि न बोलता निघाली.

एकशे त्रेपन्न रुपये सापडले नाहीत.
अहवालात तसं लिहिलं, सही केली,
संध्याकाळी दोनदा भात घेतला.

आता कुडाळच्या ऑफिसात
कानशिलं ठणकायला लागली की
कालनिर्णयाकडे बघतो.
आज एकादशी. अकरा पाऊणे सव्वाआठ.
दोन-अडीचला तिथे चिखल उघडा पडेल.
टेबलाखाली चपला काढतो.
दात अजून खातोच, बायको सांगते.
पण टाच
फरशीवर ठेवून बघतो, ढिली,
आणि शिपाई चहा घेऊन येईपर्यंत
किंचित डुलतो.